सांधा ओळखा, मग सुटा भाग मागवा

जुन्या बीटलच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये वेगळ्या सालचे भाग बसवताना

आरसी बुकात १९६६ लिहिलेलं होतं, म्हणून मी १९६६ च्या बीटलचे बॉल जॉइंट परदेशातून मागवले. दीड महिन्याने खोकं आलं. गाडी जॅकवर घेतली, चाक आणि ड्रम काढला, मागे साचलेली ग्रीस-माती खरवडली, तर तिथे बॉल जॉइंट नव्हताच. होता तो किंगपिन. गाडी कारखान्यातून बाहेर पडली होती १९६५ च्या पहिल्या सहामाहीत. इथे तिची नोंदणी झाली १९६६ मध्ये. भाग उत्तम होते, विकणाऱ्याने मी मागितलं तेच पाठवलं होतं. मी कागद वाचला होता, गाडी पाहिली नव्हती.

जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी दुसऱ्या सालच्या गाडीचे भाग वापरायची वेळ येते. मूळ भाग मिळत नाहीत, किंवा मिळतात ते झिजलेले असतात, किंवा पुढे डिस्क ब्रेक हवे असतात. बीटलच्या बाबतीत हा मोह जास्तच. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला इथून शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या आणि बाहेरचा आकार जवळपास तोच राहिला होता. त्यामुळे एकीचं दुसरीला बसणारच, असं वाटतं. बरंचसं बसतंही. पण पुढच्या सस्पेन्शनवर स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही अवलंबून असतात, म्हणून इथे ‘बसतं’ एवढं पुरत नाही. ते योग्य जागी, योग्य कोनात आणि योग्य जोडीदारासोबत बसायला हवं.

साल चेसिस नंबरावरून ठरवा

फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. कारखान्याच्या उन्हाळी सुट्टीनंतर ऑगस्टमध्ये नवं मॉडेल सुरू होई. म्हणजे ऑगस्ट १९६५ मध्ये बनलेली गाडी १९६६ ची, आणि जून १९६५ मध्ये बनलेली १९६५ ची. दोघींमध्ये दोन महिन्यांचं अंतर. पुढचं सस्पेन्शन मात्र संपूर्ण वेगळं.

बीटलचा चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. पुढच्या डिकीत स्टेपनीमागच्या पट्टीवरही तो असतो. १९६५ च्या मॉडेलपासून हा नंबर वाचायला सोपा आहे: पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा मॉडेल वर्ष. ११५ ने सुरू होणारा नंबर १९६५ चा, ११६ ने सुरू होणारा १९६६ चा, ११८ ने सुरू होणारा १९६८ चा. दोन्ही ठिकाणचे नंबर आणि आरसी बुकातला नंबर एकमेकांशी पडताळून पाहा.

तेवढ्यावर मात्र थांबू नका. साठ वर्षांच्या आयुष्यात त्या गाडीचा अपघात झाला असेल, आधीच्या मालकाने दुसरीचा बीम बसवला असेल. नंबरावरून गाडी काय म्हणून जन्मली ते कळतं. आज ती काय आहे, ते गाडीखाली गेल्याशिवाय कळत नाही.

तीन घराणी, नजरेने ओळखता येणारी

पहिलं घराणं किंगपिन-लिंकपिनचं, १९६५ च्या मॉडेलपर्यंतचं. गाडीच्या पुढे एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या, त्यांच्या पोटात पोलादी पात्यांचे जुडगे, आणि दोन्ही टोकांना मागे वळलेले आर्म. पाती पिळली जातात आणि स्प्रिंगचं काम करतात. या दोन नळ्यांच्या सांगाड्याला बीम म्हणतात. आर्मच्या टोकांशी आडव्या लिंकपिना असतात, आणि त्यांनी धरलेल्या उभ्या किंगपिनभोवती चाक वळतं. ड्रममागे उभा जाड दंडगोल आणि वर-खाली ग्रीस निपल दिसले, की हे घराणं समजा.

दुसरं बॉल जॉइंटचं, १९६६ च्या मॉडेलपासूनचं. रचना तीच, दोन नळ्यांची. पण किंगपिन-लिंकपिनची जागा वर एक आणि खाली एक अशा दोन बॉल जॉइंटनी घेतली. आर्मच्या टोकाशी रबरी टोपी घातलेला गोल सांधा दिसतो. या बदलात दोन नळ्यांमधलं अंतरही वाढवलं गेलं. पुढे येणाऱ्या निम्म्या अडचणींचं मूळ या वाढलेल्या अंतरात आहे.

तिसरं मॅकफर्सन स्ट्रटचं: ऑगस्ट १९७० पासूनची १३०२ आणि ऑगस्ट १९७२ पासूनची, फुगीर काचेची १३०३, म्हणजे सुपर बीटल. इथे बीमच नाही. उभ्या शॉकअब्सॉर्बरभोवती कॉइल स्प्रिंग, आणि खाली एकेक कंट्रोल आर्म. साधी बीटल मात्र त्याच काळात बीमसकटच बनत राहिली, म्हणून केवळ ‘१९७२ ची बीटल’ एवढ्या माहितीवर काहीही मागवू नये. पुढची डिकी उघडून पाहा: दोन्ही बाजूंच्या चाकांच्या कमानीवर स्ट्रटचे गोल माथे आणि त्यांचे नट दिसले, तर ती सुपर बीटल.

सगळ्या कामाचा एकच नियम

पुढचं सस्पेन्शन म्हणजे सांध्यांची साखळी. चेसिसकडून चाकाकडे जाऊ या. पहिला सांधा बीम आणि चेसिसच्या पुढच्या टोकाचा, ज्याला फ्रेम हेड म्हणतात. दुसरा बीमच्या नळीचा आणि आर्मचा. तिसरा आर्मचा आणि स्पिंडलचा. चौथा स्पिंडलचा आणि ड्रमचा किंवा डिस्कचा. पाचवा ड्रमचा आणि चाकाचा. शिवाय बाजूने येऊन मिळणारे तीन: टाय रॉड, ब्रेकची नळी आणि शॉकअब्सॉर्बर.

नियम असा: जो सांधा दोन्ही सालांत एकसारखा आहे, तिथेच गाडी सोडवा, आणि त्याच्या पलीकडचं सगळं एकाच गाडीतून, एकत्र आणा. मधूनच एक भाग उचलला, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी त्याला परके असतात. मग कुठे वॉशर घाल, कुठे बुश लेथवर कमी कर, कुठे भोक मोठं कर, असे उपाय सुरू होतात. दरवाजाच्या बिजागरीला ते चालतीलही. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या चाकाला चालत नाहीत.

आता हा नियम नेहमीच्या पाच प्रसंगांना लावून पाहू.

पहिला: किंगपिनच्या गाडीत किंगपिनचेच भाग

हे सगळ्यांत सरळ काम. पण साठच्या दशकाच्या आधीचा बीम आणि नंतरचा बीम एकच नव्हेत. उदाहरणार्थ, पुढचा अँटी-रोल बार १९६० च्या मॉडेलपासून आला. आधीच्या गाडीत तो घ्यायचा असेल, तर नंतरचा बीम आर्म, बार आणि क्लॅम्पसकट पूर्ण घ्या.

किंगपिन आणि लिंकपिना झिजल्या असतील तर नुसत्या पिना बदलून भागत नाही. बुशही बदलावे लागतात आणि नव्या पिनेच्या मापाने रीम करावे लागतात. हे काम अनुभवी टर्नरकडेच द्या. लिंकपिनेवरच्या पातळ शिम काढताना कुठल्या बाजूला किती होत्या ते लिहून ठेवा, कारण चाकाचा कॅम्बर त्यांवर ठरतो. दुसऱ्या गाडीचे आर्म किंवा पिनेचं घर आणलं असेल, तर जुना हिशेब लागू होत नाही. वरच्या आणि खालच्या आर्मचा पुढे-मागे फरक नव्याने मोजून, वर्कशॉप मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे शिम बसवा. लिंकपिन आवळताना ती घट्ट होईपर्यंत फिरवायची आणि मग साधारण एक अष्टमांश फेरा मागे घ्यायची. ग्रीस भरताना गाडीचं पुढचं अंग उचललेलं असू द्या. पिनेवर वजन असताना ग्रीस सगळीकडे पोचत नाही.

दुसरा: १९६५ च्या किंवा आधीच्या गाडीला बॉल जॉइंटचा बीम

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. उत्तर: सरळ बसत नाही. नळ्यांमधलं अंतर वेगळं, म्हणून फ्रेम हेडही वेगळं. इथे पहिलाच सांधा जुळत नाही. बॉल जॉइंटचा बीम लावायचा तर जुनं फ्रेम हेड कापून नवं वेल्ड करावं लागतं. फ्रेम हेड गंजून सडलं असेल आणि ते तसंही बदलायचंच असेल, तर हा विचार होऊ शकतो. पण ते कापताना-जोडताना काही मिलिमीटर जरी सरकलं, तरी पुढची चाकं मागच्या चाकांच्या रेषेत राहत नाहीत. जिगशिवाय, केवळ नजरेच्या अंदाजाने हे काम करू देऊ नका.

आणि मुळात करावंच का, हेही स्वतःला विचारा. बॉल जॉइंटला देखभाल कमी लागते, हे खरं. पण किंगपिनचा बीम कच्चा नाही. तो दणकट आहे, चाकाला वर-खाली व्हायला जास्त वाव देतो, म्हणून वाळवंटात आणि खडकाळ वाटांवर गाडी नेणारे आजही मुद्दाम तोच शोधतात. वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर तो पुढच्या पिढीपर्यंत जाईल. किंगपिनच्या गाडीला किंगपिनवरच ठेवा, हा माझा सल्ला आहे.

तिसरा: बॉल जॉइंटच्या गाडीला डिस्क ब्रेक

ऑगस्ट १९६६ मध्ये युरोपात आलेल्या १५०० बीटलला पुढे डिस्क ब्रेक होते. कार्मान घियालाही त्याच सुमारास ते मिळाले. त्यांचा बीम याच घराण्यातला, म्हणून इथे तिसऱ्या सांध्यावर गाडी सोडवता येते: स्पिंडल, डिस्क आणि कॅलिपर हा सगळा संच एका गाडीतून आणा, आणि बेअरिंग व ब्रेकची रबरी नळी त्याच मॉडेलची, पण नवी घ्या. ड्रमच्या स्पिंडलला कॅलिपर धरणारे कान नसतात, म्हणून नुसती डिस्क आणि कॅलिपर आणून उपयोग नाही.

दोन गोष्टी बहुतेकजण विसरतात. एक, मास्टर सिलिंडर. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा वाल्व असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि तापतात. गाडी एकेरी ब्रेकची असेल, तर याच वेळी दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर घ्या. पुढचा ब्रेक गेला तरी मागचा उरतो, हे जीव वाचवणारं आहे.

दुसरी, चाकं. हा पाचवा सांधा.

चौथा: पाच बोल्टचं चाक, चार बोल्टचं चाक

जुन्या बीटलच्या चाकाला २०५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट; नंतरच्या गाड्यांत १३० मिलिमीटरवर चार. अमेरिकेत विकलेल्या बीटलमध्ये हा बदल १९६८ च्या मॉडेलला झाला. युरोपात डिस्कवाली १५०० आधीच चार बोल्टची होती, आणि स्वस्त मॉडेलं त्यानंतरही पाच बोल्टवर राहिली. पाच बोल्टच्या ड्रमला १२ मिलिमीटर जाडीचे बोल्ट लागतात, चार बोल्टच्या ड्रमला १४ चे. पुढे चार आणि मागे पाच अशी गाडी रस्त्यावर आणली, तर एक स्टेपनी पुरत नाही. पंक्चर कुठल्या चाकाला होईल हे आधी ठरवता येत नाही. त्यामुळे पुढचं बदलणार असाल तर मागच्या ड्रमचाही खर्च त्याच दिवशी हिशेबात धरा.

पाचवा: सुपर बीटलमधली दोन उपघराणी

सुपर बीटलचे स्ट्रट साध्या बीटलला लागत नाहीत, साधीचा बीम सुपरला लागत नाही. फ्रेम हेड आणि बॉडीचा पुढचा भाग, दोन्ही वेगळे. व्हीलबेसही २४०० ऐवजी २४२० मिलिमीटर. तेव्हा तो विचार सोडून द्या.

सुपर बीटलच्या आतही १९७४ च्या मॉडेलला भूमिती बदलली. १९७१ ते १९७३ च्या गाड्यांत स्ट्रटच्या तळाशी तीन बोल्ट असतात. नंतरच्या गाड्यांत स्ट्रट स्पिंडलला दोन बोल्टनी जोडलेला असतो. स्ट्रट, स्पिंडल, बॉल जॉइंट, कंट्रोल आर्म आणि माथ्याचं बेअरिंग हे पाच भाग एकाच उपघराण्यातले हवेत. १९७५ च्या मॉडेलला तर स्टेअरिंगच रॅक-पिनियनचं झालं, त्यामुळे टाय रॉडसुद्धा वेगळे. मागवण्यापूर्वी आपल्या स्ट्रटच्या तळाचा फोटो विकणाऱ्याला पाठवा, आणि त्याच्याकडच्या स्ट्रटचा तसाच फोटो मागा. हा एक फोटो दहा पत्रांचं काम करतो.

आपली गाडी उजव्या हाताची

इथल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण परदेशी पुस्तकांत ती सहसा नसते. जर्मनी आणि अमेरिकेतून येणारे बीम डाव्या हाताच्या स्टेअरिंगचे असतात. बीटलचा स्टेअरिंग बॉक्स वरच्या नळीवर क्लॅम्पने बसतो आणि स्टेअरिंग डँपरची पट्टी बीमलाच जोडलेली असते. बाजू उलटी, म्हणून या दोन्हींच्या जागाही उलट्या. लांब आणि आखूड टाय रॉडही बाजू बदलतात. म्हणून बीम मागवताना ‘उजव्या हाताचा’ हे शब्द लिहूनच द्या. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या देशांत उजव्या हाताच्या बीटल मोठ्या संख्येने चालल्या; शोध तिथून सुरू करा.

स्पीडोमीटरची केबल बीटलमध्ये गिअरबॉक्सकडून येत नाही, पुढच्या चाकातून येते. ज्या बाजूला केबल, त्या बाजूचा स्पिंडल पोकळ आणि त्याच्या टोपीला चौकोनी भोक. डाव्या हाताच्या गाडीत ही बाजू डावी. आपल्या गाडीत कुठली आहे ते जुना भाग टाकून देण्याआधी पाहा. डाव्या स्पिंडलच्या नटाचे आटेही उलटे असतात; हे माहीत नसलं की पान्यावर पाइप घालून जोर लावला जातो आणि आटे जातात.

आणलेला भाग तपासताना

बीम आला की आधी त्यावर सरळपट्टी धरा. नळीवर दबलेली किंवा नव्याने वेल्ड केलेली जागा दिसली तर तो बीम बाजूला ठेवा. आर्म हाताने हलवून पाहा. खाली-वर खडखडला तर नळीच्या आतले नीडल बेअरिंग आणि बुश संपलेले आहेत. आर्म काढून त्याचा बेअरिंगवर टेकणारा भाग बोटाने चाचपा: खाच लागली तर नवं बेअरिंगही टिकणार नाही. दोन आर्म शेजारी-शेजारी सपाट फरशीवर ठेवले तर वाकलेला लगेच उघडा पडतो.

बेअरिंग, पिना, टाय रॉडची टोकं यांची मापं व्हर्नियरने घ्या आणि वहीत लिहा. नंबर पुसले जातात, डबे बदलतात, पण मिलिमीटर बदलत नाहीत. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि व्हील बेअरिंग मात्र कधीही वापरलेले घेऊ नका.

काम करताना

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. दोन भक्कम स्टँड चेसिसखाली लावा आणि गाडी ढकलून खात्री करा. मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा. बॅटरीची तार सोडा, मग पेट्रोलची टाकी रिकामी करून काढून ठेवा. स्टेअरिंगच्या जोडापर्यंत हात नीट पोचतो, आणि ठिणगीची भीतीही राहत नाही.

टाकी निघाली, की क्रम असा: ब्रेकच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल, स्टेअरिंगचा जोड, बॉडीला धरणारे वरचे बोल्ट आणि शेवटी फ्रेम हेडचे चार बोल्ट. हे चार सोडण्याआधी बीमखाली ट्रॉली जॅक लावा आणि सोबत दुसरा माणूस ठेवा. बीम जड असतो आणि सुटताना एका बाजूला कलंडतो. बीम उतरला की फ्रेम हेड तारेच्या ब्रशने साफ करा, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पत्रा आत गेला तर बीमचं काम तिथेच थांबवून आधी पत्र्याचं काम करा.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा. शॉकअब्सॉर्बर बीमच्या घराण्याप्रमाणे घ्या. बॉल जॉइंटवाल्याचा वरचा दांडा टॉवरमधून वर निघतो आणि नटने बसतो, किंगपिनवाल्याला वरही कडीच असते. स्टेअरिंगच्या रबरी जोडावरची छोटी तार परत जोडायला विसरू नका. हॉर्नची अर्थिंग तिथून जाते. ती राहिली की हॉर्न मुका होतो आणि माणूस संध्याकाळभर वायरिंग तपासत बसतो.

रस्त्यावर येण्याआधी

चाकं सरळ करून नुसत्या अंदाजाने दिशा लावू नका. थेट अलाइनमेंटला जा, तेही पहिल्या दहा-बारा किलोमीटरनंतर लगेच. टो-इन, कॅम्बर आणि कास्टर तिन्ही मोजून कागदावर घ्या. बॉल जॉइंटवाल्या गाडीत वरच्या जॉइंटचा विकेंद्री बुश फिरवून कॅम्बर लागतो. कास्टर मात्र बीमच्या कलावर ठरतो. पुढचं अंग खाली आणलेल्या गाडीत तो कमी होतो आणि वेगात स्टेअरिंग भरकटायला लागतं. त्यासाठी खालच्या नळीमागे पाचरीसारख्या शिम देतात.

रिकाम्या रस्त्यावर आधी कमी वेगात ब्रेक लावून पाहा. गाडी एका बाजूला ओढत नाही ना, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येतं ना, दोन्ही टोकांपर्यंत वळवल्यावर टायर किंवा ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना, हे पाहा. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

कागद आणि काढलेले भाग

२०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्याच घराण्यातला बीम बोल्टने बदलणं आणि फ्रेम हेड कापून दुसरं वेल्ड करणं, यांतला फरक या अटीच्या उजेडात नीट समजून घ्या. काही कापायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा.

काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून ठेवा: कुठून काढला, केव्हा, का. गाडी आपल्यानंतर कुणाकडे तरी जाणार आहे, आणि त्या माणसाला ती मूळ रूपात न्यायची इच्छा होऊ शकते.

माझे ते बॉल जॉइंट अजून खोक्यातच आहेत. नंतर किंगपिना आणल्या, बुश रीम करून घेतले, आणि गाडी आज सरळ, शांत चालते. गाडी फियाट असो, अ‍ॅम्बेसेडर असो वा बीटल, काही मागवण्याआधी मी आता तासभर तिच्या खाली घालवतो: हातात टॉर्च, व्हर्नियर आणि वही. कुठला सांधा जुळतो आणि कुठला नाही, ते तिथेच ठरतं.